फितावरारींचा हुकूम

मर्शा बसल्या-बसल्याच घसरत उतार उतरला. उभं राहिलं की समोरून मशीनगन कडकडायची. डावी टेकडी सकाळीच पडली होती, इटालियन फौज दरीच्या तोंडाशी येऊन ठेपली होती, आणि वर खडकांआड उरलेल्या एकोणीस जणांकडे माणशी चार-चार गोळ्या होत्या. कुमक मागायला म्हाताऱ्या वर्कूकाकांनी त्याला खाली धाडलं होतं.

वाटेत ओढा लागला. परवा इटालियन विमानांनी विष शिंपडल्यापासून त्याचं पाणी कुणी पीत नव्हतं. काठावर फुगलेली खेचरं, आणि त्यांच्यातच दोन माणसं. मर्शानं अंगावरच्या चादरीनं नाक दाबलं आणि तो चालत राहिला.

वळणापलीकडे दरीचे सरदार बिरू यांचा तंबू होता; फितावरारी, म्हणजे आघाडीचा सेनापती, हा त्यांचा किताब. बाहेर खेचरांवर सामान लादून झालेलं. आत मेजवानी. फितावरारींनी कच्च्या गोमांसाचा लांब तुकडा दातांत धरला होता आणि ओठांपाशी सुरी चालवत ते तो कापत होते. दाढीवर तिखट ओघळलं होतं. कोपऱ्यात गवई त्यांच्या विजयाचं गाणं गात होता.

“डावी टेकडी पडली, सरकार. माणसं हवीत.”

“माणसं माझ्याबरोबर राजधानीला निघालीत. बादशहांच्या कानावर हे कुणीतरी घालायला नको?”

“मग वरच्यांनी काय करायचं?”

“मरेपर्यंत लढायचं! पाठ दाखवेल त्याचं नाव मी माझ्या कुत्र्याला ठेवीन, सांग त्यांना.” सगळे हसले. फितावरारींनी मांसाचा एक तुकडा तिखटात घोळवला आणि हात पुढे केला. “ये, आ कर. दमलायस.”

सरदाराच्या हातचा घास नाकारता येत नाही. मर्शानं तोंड उघडलं. ती ओशट बोटं त्याच्या जिभेला लागली.

तंबूमागे जाऊन तो भडाभडा ओकला. बाहीनं जीभ खरवडून पुसली, तरी चव जाईना.

तो वर पोचला तेव्हा सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या.

“माघार घ्या म्हणाले,” मर्शा म्हणाला. “मागच्या बकऱ्यांच्या वाटेनं. आत्ताच्या आत्ता.”

कुणी हललं नाही. वर्कूकाका पुढे सरकले. त्यांची चाळीस वर्षं बिरूंच्या घराण्याच्या चाकरीत गेली होती.

“नेमके शब्द सांग.”

“म्हणाले, ‘पोरांनो, पुष्कळ केलंत. आता जीव वाचवा.’”

“पोरांनो म्हणाले?”

“हो.”

म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला. मर्शानं नजर खाली वळवली नाही.

“चाळीस वर्षांत त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही,” वर्कूकाका हळूच म्हणाले. मग त्यांनी बंदूक खांद्याला अडकवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज चढवला.

“ऐकलंत ना सरदारांचा हुकूम? चला, उठा, पोरांनो.”