आधी गोळी

पेनाच्या मधोमध नखाएवढी खिडकी होती. तिच्यातलं औषध वर्षभरापूर्वी पाण्यासारखं नितळ दिसायचं. आता त्याला फिक्या चहाचा रंग आला होता. ताईने पेन उजेडाकडे धरून पाहिलं आणि पुन्हा खणात ठेवलं. मध गाळायच्या खोलीतल्या या खणात ती आठवड्यातून एकदा तरी डोकावायची. फेकून द्यायला हात धजत नव्हता.

पेन धाकट्याचं, तिच्या भावाचं. एकदा मधमाशी चावून त्याच्या अंगभर गांधी उठल्या, दम लागला, तेव्हा डॉक्टरांनी हे पेनासारखं इंजेक्शन कायम जवळ ठेवायला सांगितलं होतं. वडिलांनी, अप्पांनी, थट्टाच केली. "मधपाळाच्या पोराला माशीची भीती! उद्या मासा पोहण्याची शिकवणी लावेल." तीन पिढ्या मधपेट्या सांभाळलेलं घर. डंखाची मोजणी इथे सुजेवरून व्हायची. सूज नाही, म्हणजे काही नाही.

त्या सकाळी धाकट्याच्या मानेवर डंखाच्या जागी जेमतेम एक ठिपका होता. पण पोटावर गांधी उठल्या, आवाज घोगरा झाला, दोन उलट्या झाल्या. त्याची बायको पेन घेऊन धावत आली. ताईने तिचं मनगट धरलं.

"थांब गं. सूज कुठाय? उन्हाने झालं असेल. आधी गोळी देऊन बघू. सुई काय पळून जाते?"

ताईचा शब्द घरात मोडायची पद्धत नव्हती. खाजेची गोळी दिली. दहा मिनिटांनी धाकटा चूळ भरायला उठला आणि मोरीच्या दारात कोसळला. मग पेनाचं भान कुणाला! लांबच्या पेट्यांकडून अप्पा पळत आले, तेव्हा त्यांना एवढंच दिसलं: मुलगा जमिनीवर, आणि सून हातात पेन घेऊन उभी.

धाकटा गेल्यावर डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "इंजेक्शन आधी. मांडीत, कपड्यावरून दिलं तरी चालतं. मग आडवं निजवून पाय वर, उठू द्यायचं नाही आणि ॲम्ब्युलन्स. गोळीने खाज जाते हो, श्वास परत येत नाही." ते ताईनेच ऐकलं. घरी सांगितलं नाही. उद्या सांगू, उद्या सांगू, करता करता वर्ष उलटलं.

बाहेर बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. सूनबाई आज माहेरी चालली होती, कायमची. आत येऊन तिने किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला.

"निघते अप्पा. तुमची रक्तदाबाची गोळी वरच्या फळीवर आहे. जेवल्यावर घ्या, आधी नको."

अप्पा तिथेच बसून मधपेटीच्या चौकटीला तार ओवत होते. मान वर न करता म्हणाले, "आज बरे पाय उचलले. त्या दिवशी हात उचलला असतास, तर ही वेळ आली नसती."

सूनबाईने वर्षभर केलं तेच केलं. ताईकडे एकदा पाहिलं, मग खाली. त्या नजरेत राग असता तर ताईला सोसला असता. तिथे नुसता थकवा होता.

ताईने खण उघडला. पेन आणून अप्पांच्या पुढ्यात, तारेच्या वेटोळ्याशेजारी ठेवलं. अप्पांचा हात थांबला.

"हे कशाला काढलंस?"

"ताई, राहू दे," सूनबाई पुटपुटली. "आता काय उपयोग?"

"तू गप्प बस. वर्षभर बसलीस तेवढं पुरे." ताई अप्पांकडे वळली. "अप्पा, हिने वेळेवर हात उचलला होता. तो मी धरला. आधी गोळी देऊ, असं मी म्हणाले."