पाटी वरच्या टोकाची होती

मी उंचीचा काटा बोलतोय. विमान चालवणाऱ्याच्या नाकासमोर बसतो, तो. आता विमान नाही आणि ते नाकही नाही. तरी बोलतो, कारण माझ्यावर आळ आलाय.

आधी एक खूळ डोक्यातून काढा. मला डोळे नाहीत. डोंगर, दरी, झाड, काही म्हणता काही दिसत नाही. माझ्या पोटात एक हवाबंद डबी आहे. विमानाच्या कुशीला बारीक भोक असतं, तिथून बाहेरची हवा नळीनं माझ्यापर्यंत येते. वर गेलं की हवा विरळ होते, डबी फुगते, दाते फिरतात, काटा सरकतो. झालं. मी जोखतो हवेचं ओझं, आणि माणसं त्याला उंची म्हणतात.

ते ओझं काय रोज सारखं असतं? वादळ यायचं असलं की हवा हलकी पडते, आणि जमिनीवर बसल्या जागी मी सांगतो, चढलो बुवा. म्हणून मला एक खुंटी दिलीय. उडण्याआधी ती पिळून मला खऱ्यावर आणायचं. शेजारचा वेगाचा काटा माझ्याहून येडा. त्याच्या नळीत कुंभारमाशीनं घर केलं, की विमान धावत असताना तो म्हणतो, आपण उभे आहोत. पण त्याचं खोटं जमिनीवरच उघडं पडतं. माझं पडत नाही.

पापुआच्या डोंगरात आलो तो ओम फेर्दीच्या हाताखाली. ओम म्हणजे काका. समुद्रापलीकडच्या मनाडो शहराचा माणूस, पोट सुटलेला, गाणारा. मला 'म्हातारा' म्हणायचा आणि टिचकी मारायचा. ती टिचकी मला आवडायची नाही.

इकडच्या धावपट्ट्या म्हणजे डोंगराला लावलेली घसरगुंडी. चढावर उतरायचं, वरच्या टोकाला थांबायचं, तिथूनच खाली धावत उडायचं. सोबाक गावात हवेचं ओझं सांगायला कुणी नाही. म्हणून वरच्या टोकाला पाटी रोवलेली, तिच्यावर त्या जागेची उंची. विमान पाटीशी उभं करायचं आणि खुंटी पिळून काटा पाटीच्या आकड्यावर आणायचा. सगळे हेच करायचे. चांगली रीत होती.

त्या दिवशी वरच्या अर्ध्या पट्टीवर दरड आलेली. ओमनं विमान निम्म्यातच थांबवलं. सोबाकच्याच नफ्तालीची बायको याकोमिना अडली होती, मूल आडवं, तिला इस्पितळात न्यायचं होतं. चौघांनी तिला बांबूच्या ताटीवरून आणली. पट्टी निम्मीच, म्हणून वजन हलकं ठेवायचं. नफ्तालीनं मागं राहायचं ठरलं.

"ओम, नीट ने हं. रताळ्याचं पोतं नाही ते, माझी बायको आहे."

"पोतं बरं," याकोमिना कण्हत म्हणाली. "पोत्याला नवरा नसतो."

ओम हसला. त्यानं लांब वर पाटीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. पाटीपेक्षा मी कमी दाखवत होतो. कमीच दाखवणार! आम्ही पाटीच्या खाली उभे होतो, दोन-तीन माड एकावर एक ठेवावेत इतके खाली. जन्मात कधी नव्हे इतकं खरं मी त्या दिवशी बोलत होतो.

"म्हातारा पुन्हा मागं पडला," ओम म्हणाला. टिचकी मारली.

"ओम, चल ना रे!" नफ्ताली ओरडला.

"थांब, ह्याला ताळ्यावर आणू दे."

आणि त्यानं खुंटी पिळली. काटा पाटीच्या आकड्यावर आला. मला खोटं बोलायला लावलं, आणि मला तोंड नाही.

खिंडीपाशी ढग होते. वादळ येऊ घातलेलं, म्हणून तिथली हवा त्या उंचीच्या मानानंही हलकी, म्हणजे मी आणखीच चढवून सांगणार. ढगात ओमला दिसत होतो फक्त मी. "म्हाताऱ्या, आहे ना रे वर?" त्यानं विचारलं. काटा म्हणत होता, आहे. खिंड ओलांडायच्या नेहमीच्याच आकड्यावर मी होतो. खिंडीच्या धारेवरून निसटायला जेवढी जागा लागते, तेवढीच कमी पडली.

माणसं चालत वर आली. ओमला नेलं, याकोमिनाला नेलं. मूल तिच्या पोटातच होतं. नफ्तालीनं मला शेवाळातून उचललं. त्याला आकडे वाचता येत होते.

"तू सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला. दगड घेऊन काच फोडली, आणि बसला तिथंच, मला मांडीवर घेऊन. मग टाकून गेला.

विमानाचे पत्रे लोकांनी छपरांना नेले. मला कोण नेणार? डबी अजून फुटलेली नाही. पाऊस आला की काटा चढतो, उघडलं की उतरतो. पण ती खुंटी पिळलेली ती तशीच आहे. ज्या धारेवर आम्ही आपटलो तिथंच मी पडलोय, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या ढगाला रोज सांगतो, की आपण हिच्या वरून चाललोय.

कुणीतरी या आणि ती खुंटी उलटी फिरवा. कुणी यायचं नाही, ठाऊक आहे मला.