कोलाचं ताट

"पोर कुणाच्याही कडेवर देण्याआधी गाव विचार. आणि गावात कुठली वाडी, तेही विचार." माझी लेक मुना पोटात होती तेव्हाच सासूबाईंनी बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, "आई, मी कचेरीत जाते, सोयरीक जुळवायला नाही." त्या म्हणाल्या, "आपल्या इग्बो माणसांत दोन्ही एकच."

एनुगू शहरातल्या एका सरकारी कचेरीत मी नकाशे सांभाळते. खात्याचं नाव लिहीत नाही. पाळणाघर बंद पडल्यापासून मुना माझ्याबरोबरच येते. नकाशांच्या कपाटाचा सगळ्यात खालचा रुंद खण ओढला, आत चादर अंथरली की ती दुपारभर त्यात झोपते. साहेबांना दिसतं, पण ते बघत नाहीत.

विद्यापीठाला लांब सुट्टी लागली की राज्य सरकारच्या कचेऱ्यांत विद्यार्थी शिकाऊ म्हणून येतात. पगार नसतो. शेवटी साहेबांनी 'काम समाधानकारक' असा शेरा दिला तर वर्ष पुढे सरकतं, नाही तर पुन्हा पहिल्यापासून. या पावसाळ्यात आमच्याकडे केनेचुकू आला. सगळे त्याला केने म्हणू लागले. भूमापन शिकणारा, उंच, कमी बोलणारा. कसर लागलेले जुने नकाशे तो पावडर टाकून असे उलगडायचा, जणू जखमेवरची पट्टी सोडवतोय. सकाळी येताना केळीच्या पानात उकडलेली डाळीच्या पिठाची गरम ओक्पा आणायचा आणि तिचा मऊ तुकडा फुंकून मुनाला भरवायचा. पहिल्याच आठवड्यात मुना त्याला बघून हात पसरायला लागली. मी त्याला त्याची वाडी विचारली नाही.

विचारली ती ओग्बूकाकांनी. ओग्बूकाका आमचे हेडक्लार्क. निवृत्तीला आलेले, जिभेचे तिखट, पण मुनाला पहिली लोकरीची टोपी त्यांनीच आणून दिली होती. त्या दिवशी नव्या संचालकांचं, एझेआनी साहेबांचं, स्वागत होतं. आमच्याकडे पाहुण्यापुढे आधी कोलाच्या झाडाची कडवट बी येते. वडीलधारा प्रार्थना करतो आणि बैठकीतला सगळ्यात लहान पुरुष ती फोडून ताट फिरवतो. साहेबांनी प्रार्थना केली आणि डोळे उघडून म्हणाले, "लहान कोण आहे? हा उंच? चल रे, फोड."

केनेने हात धुतले, सुरी उचलली.

"गाव कुठलं म्हणालास, बाळा?" ओग्बूकाकांनी सहज विचारलं.

त्याने गाव सांगितलं.

"अरे, माझं आजोळच ते! वाडी कुठली?"

केनेला खोटं बोलता आलं असतं. क्षणभर सुरीकडे बघून त्याने वाडीचं नाव सांगितलं.

काकांचा चेहरा उतरला. मला वाटतं, विचारल्याचं त्यांनाही क्षणभर वाईट वाटलं असावं. मग ते साहेबांकडे वळले. "साहेब, ताट दुसऱ्या कुणाकडे द्या."

सगळ्यांना कळलं. त्याच्या कुठल्या तरी खापरपणजोबाला गावाने देवाला वाहिलं होतं. अशांना ओसू म्हणतात; त्यांच्या हातचं कुणी खात नाही, त्यांच्याशी सोयरीक करत नाही. तो देव गेला, त्याचं देऊळही गेलं. रविवारी आम्ही सगळे चर्चमध्ये एकाच बाकावर बसतो. पण वाहिलेल्यांची पोरं अजून वाहिलेलीच राहिली. ही प्रथा कायद्याने बंद झाली ती आमच्या आजोबांच्या काळात.

साहेब खाकरले. "मी हे जुनंपानं मानत नाही. पण शुभ दिवस आहे, वाद नको. केने, तू असं कर, फ्रीजमधून माल्टच्या सरबताच्या बाटल्या आण."

"बाटल्या चालतील," काका म्हणाले. "झाकणं बंद असतात."

लोक हसले. केनेने सुरी ताटात ठेवली, अगदी आवाज न करता, आणि बाटल्या आणल्या. प्रत्येकाला दिल्या. स्वतः घेतली नाही.

त्यानंतर त्याला कुणी वाईट बोललं नाही. त्याचं टेबल मात्र 'जागा कमी पडते' म्हणून मागच्या गोदामात गेलं. तो जवळ आला की डबे बंद व्हायचे. काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "अडाओरा, मुलीसारखी आहेस म्हणून सांगतो. पोरीला त्याच्या हातचं भरवू नकोस. उद्या तिचं लग्न ठरायला लागलं की लोक हेच उकरतील."

 त्या दुपारी मुनाने खणातून केनेकडे हात पसरले आणि मी तिला त्याच्याकडे द्यायला पुढे झाले नाही. त्याने दोन्ही हात खिशात घातले.

"मॅडम, तुम्हीच घ्या तिला," तो म्हणाला. "तुम्हाला संध्याकाळी घरी जायचं असतं."

सोमवारी तो आला नाही. त्या आठवड्यात आलाच नाही. फोन बंद. शुक्रवारी साहेबांनी मला सगळ्यांसमोर सांगितलं, "तुझ्या हाताखालचा ना तो? मधेच काम सोडून गेला, असा शेरा तयार कर."

"तो गेला नाही, साहेब. आपण घालवला त्याला. असा शेरा मी लिहिणार नाही."

"अडाओरा, पोरीचा तरी विचार कर," काका हळूच म्हणाले.

"तिचाच करतेय, काका. ती महिनाभर रोज त्याच्या हातून जेवली आहे. कुणाला लक्षात ठेवायचं असेल त्यांनी ठेवा."

संध्याकाळपर्यंत हे सासूबाईंच्या कानावर गेलं. त्यांनी मुनाला गरम पाण्याने खसखसून आंघोळ घातली. माझ्याशी त्या अजून नीट बोलत नाहीत. नवरा म्हणतो, "बरोबर केलंस, पण एवढ्या मोठ्याने कशाला?"

शनिवारी मुनाला पाठीशी बांधून मी केनेच्या खोलीवर गेले. बाहेर चपला होत्या. दार वाजवलं, हाका मारल्या. आतून काहीच नाही. मग पाठीवर मुना बडबडायला लागली आणि कडी सरकली. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. खिडकीला आतून चादर लावलेली.

"शेरा लिहिलेला नाही. सोमवारी ये," मी म्हटलं.

"आणि पुढच्या कचेरीत, मॅडम? तिथेही कोलाचं ताट असेलच."

 मी मुनाला पाठीवरून उतरवलं आणि ओक्पाची पुडी उंबऱ्यावर सोडली. मुनाने तुकडा उचलून त्याच्यापुढे धरला. त्याने तो तिच्या हातून खाल्ला. तिला मात्र उचललं नाही.

सोमवारी तो आला नाही. मंगळवारीही नाही. येत्या शनिवारी मी पुन्हा जाणार आहे.

तुमच्याही कचेरीत या सुट्टीत एखादं पोर शिकायला आलं असेल, आणि आता त्याची खुर्ची रिकामी असेल. 'कंटाळून गेलं' असं कुणी सांगितलं तर तेवढ्यावर थांबू नका. त्याचा पत्ता काढा, खोलीवर जा आणि दार वाजवा. पहिल्या थापेला उघडलं नाही, तरी परत फिरू नका.