पॅलेडियम नसलेली कुपी

ट्रेमध्ये अकरा कुप्या होत्या. प्रत्येकीत वेगळ्या दिवशी केलेल्या एकेका प्रयोगाचा एक मिलिलिटर नमुना. सगळ्या प्रयोगांची कृती एकच: पाच मिलिलिटर पाणी, पाच मिलिलिटर अल्कोहोल, एकमेकांना जोडायचे दोन पदार्थ, चिमूटभर क्षार, साठ अंश तापमान, दोन तास ढवळणं. पहिल्या दहा प्रयोगांत पाव मिलिग्रॅम काळी पूड होती. अकराव्यात मुद्दामच नव्हती.

ती पूड म्हणजे पॅलेडियमचे कण. केसाच्या जाडीत असे वीस हजार कण शेजारी शेजारी बसले असते. प्रयोगशाळेत सगळे जिला ‘मिलिग्रॅम’ म्हणत, त्या मुलीने तीन वर्षं खपून ती तयार केली होती. मुलगी चणीने लहान होती आणि चहातली साखरसुद्धा डोळ्यांनी तोलून घ्यायची, म्हणून हे नाव. पूर्वी ही जोडणी डोकं भणभणवणाऱ्या विषारी द्रावकात करावी लागे. तिच्या पुडीमुळे ती साध्या पाण्या-अल्कोहोलात होत होती, तीही शहाण्णव टक्के. त्यावरचा शोधलेख सोमवारी नियतकालिकाकडे जायचा होता.

अकरावी कुपी ही शेवटची खातरजमा होती. पुडीशिवाय काहीच जोडलं जाता कामा नये. जोडणी किती झाली ते मोजणाऱ्या यंत्रावरच्या काकांनी कागद पुढे केला. त्रेचाळीस टक्के.

“काका, नमुन्यांची अदलाबदल झाली असेल.”

“तीस वर्षांत झाली नाही, ती आज तुझ्यासाठी करू होय?” काका म्हणाले. त्यांनी त्याच नमुन्याच्या आणखी दोन मोजण्यांचे कागद पुढे सरकवले. एका मोजणीवर आकडा सांगायचा नाही, हा त्यांचा नेम. खुद्द प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम दारात ताटकळल्या तरी तो मोडत नसे. तिन्ही वेळा त्रेचाळीसच.

पुडीशिवायही जोडणी होत असेल, तर तीन वर्षांच्या कामाला अर्थ काय? मिलिग्रॅमने दोन्ही पदार्थ नवे घेतले, नवा क्षार आणला, पाण्याची नवी बाटली फोडली, अल्कोहोल बदललं, कोरी काचेची कुपी काढली. दुसऱ्या दिवशी बेचाळीस टक्के.

संध्याकाळी आत्या मशीनवर पडद्यांना दुमड घालत होती. मिलिग्रॅम शिकायला आल्यापासून तिच्याकडेच राहत होती. शिवणकाम करणाऱ्या आत्याला पॅलेडियम कसं समजावायचं ते तिला पहिल्याच वर्षी सापडलं होतं: ते सुईसारखं असतं, दोन तुकडे जोडून देतं आणि स्वतः कापडात राहत नाही.

“म्हणजे सुई नाही आणि टाके पडले?” आत्याने पायाखालचं मशीन थांबवलं.

“हो ना.”

“असं होत नाही बाई. सुई आहे. तुला दिसत नाही, एवढंच.”

“अगं, सगळं बदललं मी!”

“मग सगळं बदललं नाहीस. जेवायला बस, तोंड बघ कसं झालंय. एरंडेल प्यायल्यासारखं.”

शुक्रवारी सकाळी मिलिग्रॅम काकांसमोर यादी घेऊन उभी राहिली. काकांनी चष्मा कपाळावर सरकवून एकेक ओळ वाचली.

“क्षार नवा. पाणी नवं. कुपी नवी. आणि ढवळलं कशानं? चमच्यानं?”

“मॅग्नेटनं,” ती म्हणाली आणि तिथेच थांबली.

पांढऱ्या प्लास्टिकचं आवरण असलेला, करंगळीच्या पेराएवढा तो मॅग्नेट कुपीच्या तळाशी गरगर फिरून सगळं ढवळत असे. इतर मॅग्नेट अडखळत, उड्या मारत; हा कसा निमूट फिरायचा. पावणेतीन वर्षांपूर्वी तिने त्यावर आपलं चिन्ह कोरलं होतं आणि तेव्हापासून कुणालाही हात लावू दिला नव्हता. अकराही प्रयोग, आणि कालचा बारावाही, त्याच्यावरच झाले होते. दर वेळी ती तो साबणाने, मग अल्कोहोलने धुवायची. तो पांढराशुभ्र दिसायचा.

काकांनी भिंग दिलं. तिच्याच कोरलेल्या चिन्हात आणि आजूबाजूच्या ओरखड्यांत करडी रेघ भरली होती.

“पावणेतीन वर्षांची सुई!” ती पुटपुटली.

“लाडोबा केला की असंच होतं,” काका म्हणाले. पण त्यांनी तिच्यासाठी खुर्ची ओढली.

मॅडमना सांगताना तिने मॅग्नेट त्यांच्या टेबलावर ठेवला. बिनपुडीच्या कुपीचा उलगडा झाला होता, पण पुढचा प्रश्न वाईट होता. शहाण्णवातलं पुडीचं किती आणि मॅग्नेटचं किती? पूड कदाचित काहीच करत नसेल.

मॅडमनी मॅग्नेट उजेडात फिरवून पाहिला. “किती जण हा फेकून देऊन गप्प बसले असते, माहितेय?” त्या म्हणाल्या. “लेख थांबवते. घाई लेखाला आहे, पॅलेडियमला नाही. पुन्हा कर.”

लेखावर पहिलं नाव मॅडमचं नव्हतं, पण पुढच्या अनुदानाची सगळी मदार त्याच्यावरच होती, हे मिलिग्रॅमला ठाऊक होतं.

तिने पाकीटबंद नवे सहा मॅग्नेट काढले. तीन कुप्यांत पूड नाही, तीन कुप्यांत पाव मिलिग्रॅम. पूड तोलताना तिने तराजूची काच लावली, श्वास रोखला आणि आकडा स्थिर होईपर्यंत सोडला नाही. नवे मॅग्नेट अडखळत फिरत होते. दोन तास ती तिथून हलली नाही. काका जेवणाच्या सुट्टीतही यंत्रापाशीच बसले, “मला काय, मला भूकच नाही” असं दोनदा सांगत. शेवटचा कागद बाहेर पडेपर्यंत त्यांनी एकही आकडा उच्चारला नाही. मग चष्मा नाकावर आणून वाचलं.

पुडीशिवाय: तिन्ही कुप्यांत जोडणी आढळली नाही. पुडीसह: ८१.४, ८०.९, ८१.६ टक्के. सरासरी ८१.३.