तळाशी राहिलेली पिशवी

मी एक जुनी, ठिगळं लावलेली जाळीची पिशवी आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका! माझ्या पोटात जे जे गेलं, ते तुमच्यापैकीच कुणीतरी फेकलेलं होतं.

आधी मी मासे धरायच्या जाळ्याचा तुकडा होते. ते जाळं कुणीतरी समुद्रातच टाकून दिलं आणि ते खडकाला अडकलं. टाकलेलं जाळंही मासे धरतच राहतं. ते मासे कुणाच्या पानात पडत नाहीत, तिथेच मरतात. मग एका रविवारी दोन पाणबुडे आले, एक नर्सताई आणि तिचा बेकरीवाला भाऊ. सुट्टीच्या दिवशी हौसेने समुद्राचा तळ साफ करणारी ही माणसं. त्यांनी जाळं कापून वर आणलं. त्यांची आत्या शिवणकाम करते. तिने त्यातला धड तुकडा घेऊन मला शिवलं. "आता तरी चार चांगली कामं कर गं बाई," असं म्हणत तिने दाताने दोरा तोडला.

मग काय, माझा थाट विचारू नका! बाटल्या, झाकणं, चपला, एकदा तर खुर्चीचा पाय. ताई मला कौतुकाने 'लेकुरवाळी' म्हणायची आणि मी फुशारून जायचे.

एके दिवशी मी गच्च भरले होते, तेवढ्यात भावाच्या पाठीवरच्या टाकीतली हवा संपत आली. त्याने हाताने खूण केली. त्यांचा नियम पक्का आहे. हवा कमी झाली की हातातलं सोडायचं आणि दोघांनी मिळून वर जायचं. ताईने मला सोडलं. बरोबरच केलं हो, पण मला फार वाईट वाटलं. त्यात वारा सुटला, समुद्र खवळला आणि बरेच दिवस कुणी फिरकलं नाही.

मग एक खेकडा माझ्यात शिरला आणि त्याचा पाय जाळीत गुंतला. तो जितका ओढायचा, तितकी मी आवळायचे. मला काही सैल होता येईना. हळूहळू त्याची धडपड मंदावली. जन्मभर कचरा वेचला आणि शेवटी मीच कचरा झाले! मला रडू फुटलं, पण पाण्यात ते कुणाला दिसणार?

आणि एका सकाळी ताई आली. खेकडा दिसताच तिने सुरी काढली आणि मला उभं चिरलं. खेकडा तिरका तिरका पळाला. मला इतकं हायसं वाटलं, की फाटल्याचं दुःखच झालं नाही. सांडलेला कचरा भावाने आपल्या पिशवीत भरला.

किनाऱ्यावर तो म्हणाला, "ताई, हिचं काही खरं नाही. टाकून दे आता."

"टाकून? कुठे टाकू?" ताई भडकली. "काढली कुठून होती, विसरलास?"

संध्याकाळी भाऊच मला आत्याकडे घेऊन गेला. तिने ठिगळ लावलं आणि मला लांब दोरीने बुचाचा गोळा बांधला. मी पुन्हा तळाशी राहिले, तर तो वर तरंगेल आणि माझा ठावठिकाणा लागेल.

मित्रांनो, मी काही मोठी शहाणी नाही. पण एखादी वस्तू हातातून टाकताना एवढं विचारा, ही आता जाणार कुठे? मला ते ठाऊक आहे. मी तिथे राहून आले आहे.