धुराड्याची झडप

“बाई, दुसरा ऑक्सिजन कुठे गेला?” पहिल्या बाकावरच्या हिल्लाने विचारलं.

पिर्कोबाईंनी फळ्याकडे पाहिलं. C + O₂ → CO. कोळशाचं जळणं; समीकरण जुळवायला याहून सोपं उदाहरण नाही. शेवटी CO₂ लिहायचं की झालं. आज हातानं भलतंच लिहिलं होतं. जीव थाऱ्यावर असेल तर ना! मधल्या सुट्टीत त्यांनी वडिलांना फोन केला होता. तळ्यापलीकडे एकटे राहणारे आर्मास म्हणाले होते, “चुलीत निखारे झालेत. धुराड्याची झडप लावली नि पडतोय. डोकं जरा जड झालंय.”

“बाबा, निखारे विझेपर्यंत धुराडं बंद करू नका, कितीदा सांगू? आणि ते विषारी वायूची घंटा वाजवणारं यंत्र?”

“त्याची बॅटरी रेडिओत घातली. सरपण काय धुराड्यावरच्या कावळ्यांना ऊब द्यायला फोडतो मी?”

फोन आपटला तो पुन्हा उचललाच नाही. म्हातारा रुसला असेल, अशी मनाची समजूत घालून बाई वर्गावर आल्या होत्या.

“खाली छोटा दोन लिहू?” हिल्लानं विचारलं.

“नको, पदार्थच बदलेल. आकडा आधी लाव.” त्यांनी लिहिलं, 2C + O₂ → 2CO. “हाही संयोगच. पण हवा अपुरी पडली की हा विषारी वायू होतो. याला रंग नाही, वास नाही...”

वाक्य तिथंच टाकून त्यांनी खडू ठेवला. शेजारच्या वर्गात सांगून त्या धावतच गाडीकडे गेल्या. निसरड्या रस्त्यावर एका हातानं गाडी सावरत त्यांनी रुग्णवाहिका बोलावली.

आर्मास स्वयंपाकघरातल्या बाकावर आडवे होते. हाका मारल्या तर नुसतं कण्हले. बाईंनी त्यांना काखेत हात घालून ओढत बाहेरच्या पायरीवर आणलं, श्वास रोखून आत जाऊन झडप उघडली, खिडक्या सताड उघड्या टाकल्या.

थंडगार हवेत म्हातारा हळूहळू शुद्धीवर आला. एकदा ओकला.

“मेलो नाहीये. रडतेस काय?”

“रडू नको तर काय करू? आज हातचे गेला होतात, बाबा!”

लेकीचा कोट पांघरून ते रुग्णवाहिकेची वाट बघत बर्फातल्या पायरीवर बसून राहिले. उघड्या खिडक्यांतून सकाळची सगळी ऊब बाहेर चालली होती. ते बराच वेळ तिकडेच बघत होते. मग, जन्मात कधी कुणाला विचारून काही न केलेला तो माणूस हळूच म्हणाला,

“पोरी, खिडक्या लावू का आता?”

“नको, बाबा. अजून नको.”

“बरं,” म्हणून त्यांनी टोपी कानांवर ओढून घेतली.