काटा आणि कान
अल्जीरियातल्या ओरान शहरात बुआलेमचं मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि त्या दुकानाच्या माळ्यावर दर शुक्रवारी दुपारी विमानं उडायची. संगणकाच्या पडद्यावरचीच, पण उडवणाऱ्यांना घाम खरा फुटायचा. जुम्म्याची नमाज झाली, घरचं कुसकुस पोटात गेलं, की सहा-सात जण धापा टाकत जिना चढायचे. त्यांत बाई एकच, वसीला. तिचं औषधांचं दुकान होतं. आपल्या सासऱ्यांना, मखलूफना, गाडीतून आणून सोडायचं एवढंच तिचं काम. पण दोन-चार शुक्रवार नुसतं बघत बसल्यावर तिलाही नाद लागला.

मखलूफ एकाहत्तर वर्षांचे. तरुणपणी वाळवंटात, टिमिमूनच्या विमानतळावर त्यांनी नऊ वर्षं रेडिओ बीकन सांभाळलं होतं. उंच खांबावरून ते बीकन दिवसरात्र आपल्या नावाची अक्षरं मोर्सच्या टिक-टिकीत सांगत राही. विमानातला काटा त्याच्याकडे वळे आणि वैमानिक काट्यामागून येई. जीपीएस आलं तसं या काट्याला कुणी विचारीना. पण सिम्युलेटरमध्ये तो अजून होता आणि मखलूफ त्याच्यावरच उडायचे.

"काटा फक्त दिशा दाखवतो, कुणाची ते सांगत नाही," ते नव्या माणसाला बजावत. "ते कानाने ओळखायचं. आधी कान, मग काटा!"

वसीला मात्र सरळ जीपीएस लावायची. पडद्यावर जांभळी रेघ यायची आणि तिचं विमान रुळावरून चालल्यासारखं त्या रेघेवरून जायचं.

"पोरी, हे काय उडवणं झालं? बसमध्ये बसल्यासारखं!"

"बस वेळेवर पोचते ना, बाबा?"

यावर बुआलेम खदखदून हसायचा. तो जहाजावरचा जुना इंजिनियर, तोंडाचा फटकळ. त्या शुक्रवारी त्यानेच काडी टाकली. "रोजचं हे तोंड वाजवणं बास झालं. दोघांनी वाळवंटातल्या एल गोलियाहून निघा, टिमिमूनला उतरा. सून रेघेवर, सासरा काट्यावर. दोघं उतरेपर्यंत कुणी नकाशा उघडायचा नाही. हरेल त्याने सगळ्यांना करांटिका चारायची."

बेसनाची ती गरमगरम वडी म्हटल्यावर कोण नको म्हणणार? आणि टिमिमून म्हणजे तर मखलूफचं अंगण. ते हसत हसत खुर्चीत बसले.

विमानं निघाली. पहिला निम्मा रस्ता मखलूफनी होकायंत्र आणि मनगटावरचं घड्याळ यांच्या भरवशावर कापला. पाऊण तास झाल्यावर त्यांनी रेडिओचं बटण फिरवून बीकनचा आकडा लावला. बोटांनी आपोआपच लावला म्हणा ना. काटा डुगडुगला आणि थोडा डावीकडे जाऊन थांबला. हेडफोनमध्ये कापसाच्या गाठोड्यातून यावं तसं काहीतरी अंधूक वाजलं. मखलूफनी मान डोलावली, जणू ऐकलंच.

'वाऱ्याने उजवीकडे ढकललेलं दिसतंय,' असं मनाशी म्हणून त्यांनी विमान डावीकडे वळवलं.

अर्ध्या तासाने वसीला उतरली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "मखलूफसाहेब, तुमचं काय?" कुणीतरी ओरडलं.

"येतोय, येतोय."

पण खाली टिमिमून येईना. गावालगतचं ते मिठाचं पांढरं मैदान मखलूफनी नऊ वर्षं खिडकीतून पाहिलं होतं. झोपेतही ओळखलं असतं. इथे नुसता खडकाळ माळ. घड्याळ म्हणत होतं, पोचायला हवं होतं. काटा म्हणत होता, अजून पुढे. त्यांच्या पाठीला घाम सुटला.

वसीलाने आपल्या पडद्यावर गुपचूप नकाशा उघडला. सासऱ्यांचं विमान टिमिमून सोडून दक्षिणेला भरकटलं होतं.  बुआलेमची पाठ वळलेली बघून ती खुर्ची सरकवत सासऱ्यांच्या शेजारी आली आणि त्यांच्या संगणकाला जोडलेला दुसरा हेडफोन कानाला लावला.

डिट-डा. एक आखूड, एक लांब. पुढची अक्षरं तिला नीट येत नव्हती, पण जेवताना ताटाच्या कडेवर बोट वाजवून सासऱ्यांनी ऐकवलेला 'अ' तिला पाठ होता. टिमिमूनचा 'ट' तर नुसता एक लांब सूर.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "काय ऐकू येतंय?"

"टिमिमून. दुसरं काय?"

"हा 'अ' आहे, बाबा. हे अद्रार आहे."

मखलूफनी रेडिओवरचा आकडा पाहिला. मग त्यांच्या ध्यानात आलं. टिमिमूनला असताना स्वतःचं बीकन लावायची वेळ कधी यायचीच नाही. ते तर डोक्यावरच होतं. रेडिओ ठीक आहे का बघायला रोज सकाळी लावायचं ते शेजारचं अद्रार. नऊ वर्षं. बोटांनी आजही तेच लावलं होतं. एरवी कानांनी तिथल्या तिथे पकडलं असतं.

"मला ऐकू येत नाही गं," ते इतकं हळू म्हणाले की तिला वाकावं लागलं. "रमजानपासून. बारीक आवाज तर अजिबात नाही. तुम्ही हसलात की मी हसतो, झालं."

वसीलाने हेडफोन कानावर घट्ट बसवला. तीन महिने घरात टीव्ही मोठ्याने का लागतो, म्हणून तिची चिडचिड चालली होती, आणि स्वतः औषधं विकणाऱ्या बाईला हे कळू नये!

"बरं," ती म्हणाली. "मग ऐकायचं काम माझं. तुम्ही उडवा."

"नकाशा बघून सांगू नकोस हं. मला हरायचं असेल तर माझ्या पद्धतीने हरेन."

"नाही बघत. चला, आकडा लावा."

त्यांनी टिमिमूनचा आकडा एकेक अंक बघून लावला. काटा गर्रकन उजवीकडे फिरला, पार मागे.

"आता एक लांब सूर येतोय. मग थोडं थांबून बाकीचे."

"थांबल्यावर काय? नीट सांग."

"डिट-डिट."

"हं! 'ट' आणि 'इ', टिमिमून. तेच आपलं." आणि मखलूफनी विमान असं वळवलं की पडद्यावरचं सगळं वाळवंट तिरकं झालं. पंचवीस मिनिटांनी समोर मिठाचं मैदान पांढरं चमकलं, मग तांबडं गाव, मग धावपट्टी. चाकं टेकली तेव्हा ते मोठ्याने "अल्हमदुलिल्लाह" म्हणाले. त्यांच्या मते हळूच म्हणाले होते.

"पाऊण तास उशीर!" बुआलेमने टेबल बडवलं. "वाटेत उंट चारत होतास का?"

मखलूफना थाप मारता आली असती. वारा, आकडा, काहीही. पण त्यांनी हेडफोन काढला. "मला बहिरेपण आलंय, बुआलेम. चुकीचं बीकन ऐकत होतो. म्हणजे ऐकतच नव्हतो. वसीलाने आणलं मला."

 मग बुआलेम म्हणाला, "म्हणजे मी तीन महिने तुला इतक्या शिव्या दिल्या, त्या सगळ्या फुकट गेल्या?"

"दोन-तीन पोचल्या. मोठ्या होत्या त्या."

सगळे इतके हसले की खालून गिऱ्हाईक वर डोकावलं. मखलूफही हसले आणि या वेळी कशावर हसतोय ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी स्वतः खाली जाऊन करांटिका आणली, वर जिरं भुरभुरून, पावात घालून. वसीलाच्या पावात एक तुकडा जास्त घातला.

सोमवारी ती त्यांना कानांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. यंत्र मिळायला महिना लागणार होता. तोवर दर शुक्रवारी दोघं एकाच विमानात बसू लागली. ती रेडिओवर, ते जॉयस्टिकवर. भांडणं थांबली नाहीत. ती म्हणे, जीपीएस नुसतं चालू ठेवा, बघू नका. ते म्हणत, चालू ठेवायचं आणि बघायचं नाही, तर विकत कशाला घ्यायचं? शेवटी ठरलं की उतरल्यावर रेघ उघडायची आणि आपण तिच्यापासून किती लांब भटकलो ते मोजायचं.

बेशार शहराच्या खेपेला अंतर निघालं फक्त चार किलोमीटर. वसीलाने दोन्ही हात वर केले. "बघा! आणि ऐकलं कुणी?"

"ऐकलंस तूच," मखलूफ म्हणाले, "पण उगाच चढून जाऊ नकोस. परतीच्या वाटेवर डोंगर आहेत."